ओझरचे स्टेशन कोणते?

ओझर येथे लढाऊ विमाने तयार होतात; परंतु ओझरला आगगाडीचे स्टेशन नाही. ही गोष्ट सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही विसंगती आहे असे आता कोणास वाटेनासेही झाले आहे. मुंबईस जावयाचे असो वा भुसावळकडे, ओझरच्या माणसाने प्रथम आग्रा रोडने नाशिक गाठावे, सगळे शहर ओलांडून नाशिकरोडला यावे आणि मग गाडीत पाय ठेवावा, हा जणू सृष्टिनियमच होऊन बसला आहे. यातील गंमत अशी की, भुसावळकडे जाणारा उतारू अशी उलटी वाट तुडवून नाशिकरोडला एक्स्प्रेसमध्ये बसला म्हणजे तीच गाडी त्याला ओढा, खेरवाडी व कसबे सुकेणे या स्टेशनांवरून न थांबता पुढे घेऊन जाते. यांपैकी शेवटची दोन स्टेशने त्याच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरांच्या टप्प्यातली. ज्या गावाहून तो सकाळी निघाला त्याच गावाजवळून तो काही तासांनी पुन्हा जातो. मधल्या वेळात त्याचे जे भाडे आणि जो वेळ गेला, त्याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या वहीत नसतो.

हा हिशेब आज मांडण्यास सिंहस्थाचे निमित्त आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान व्हावयाचे आहे, आणि त्या पर्वासाठी रेल्वेने नाशिकरोड व देवळाली यांच्याबरोबर ओढा, खेरवाडी आणि कसबे सुकेणे या लहान स्टेशनांवरही कामे आखली आहेत. यात्रेचा सारा लोंढा नाशिकरोडच्या चार फलाटांवर आणून ओतणे धोक्याचे, तेव्हा तो अलीकडच्या-पलीकडच्या स्टेशनांवर वाटून द्यावा, हा विचार शहाणपणाचा आहे आणि त्याबद्दल रेल्वेच्या अधिकाऱ्यांना धन्यवाद दिलेच पाहिजेत. आमचे म्हणणे एवढेच की, यात्रा पांगल्यावर ही स्टेशने पुन्हा निजू देऊ नयेत. ती नाशिकची कायमची उपनगरी स्टेशने व्हावीत, त्यांतील कसबे सुकेणे व खेरवाडी ही ओझरची स्टेशने मानली जावीत, तेथे गाड्या थांबाव्यात आणि ओझरहून तेथपर्यंत बस जावी.

आगगाडीने ओझरला टाळले याचा दोष कोणास देता येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या इंजिनियरांपुढे सह्याद्रीची भिंत उभी होती. कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनी भोर आणि थळ या दोन घाटांतून वाटा काढण्याचे ठरविले. ते स्वतः १८६२ साली वारले, आणि थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे. इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याहून इगतपुरीस चढताना आजही जादा इंजिनांचा टेकू लागतो. एवढ्या सायासाने घाटमाथा गाठल्यावर पुढे गोदावरीच्या खोऱ्यातील सपाटी मिळत असता ती सोडून पुन्हा डोंगरात शिरण्याची बुद्धी कोणास होणार? जुना आग्रा रोड ओझर, पिंपळगाव बसवंत करीत चांदवडच्या डोंगरांना जाऊन भिडतो. लोहमार्ग त्या डोंगरांची सोबत टाळून निफाड, लासलगाव करीत पूर्वेला मनमाडकडे वळला. रस्ता आणि रेल्वे नाशिकनंतर एकमेकांपासून दूर होतात, आणि या वाटणीत ओझर रस्त्याच्या हिश्श्याला आले.

नाशिकला तरी आगगाडी कोठे दारात मिळाली होती? स्टेशन झाले ते शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. त्याचे नावच 'नाशिकरोड', म्हणजे नाशिकच्या वाटेवरचे ठिकाण. परंतु त्या काळच्या नाशिककरांनी हात जोडून स्वस्थ बसणे पसंत केले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील मेन रोडपासून स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि विसाव्या शतकातील तिशीच्या आरंभापर्यंत ती चालली. पुढे ती तोट्यात जाऊन बंद पडली हे खरे. पण स्टेशन दूर असेल तर गाव आणि स्टेशन यांना जोडणारे वाहन हवे, ही साधी गोष्ट तेव्हाच्या कारभाऱ्यांना कळली होती. दरम्यान १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला, कामगारांच्या वसाहती उठल्या, बाजारपेठ बसली. स्टेशनच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या वस्तीला स्वतःची नगरपालिका मिळाली, आणि ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा ती शहरातच सामावली. स्टेशन शहराकडे आले नाही, तेव्हा शहर स्टेशनपर्यंत वाढत गेले. त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली, इतकेच.

ओझरची कथा याहून निराळी घडली, कारण तेथे मोठा कारखाना आला तो रेल्वेच्या आधाराने नव्हे. १९६२ साली मिग विमानांच्या बांधणीबद्दल सोविएत संघाशी करार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ साली नाशिक मतदारसंघाने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठविले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होऊन १९६४ साली ओझरचा कारखाना स्थापन झाला. बाणगंगेकाठच्या एका शेतकरी गावाशेजारी धावपट्टी, कारखाना, शाळा आणि आखीव रस्त्यांची वसाहत उभी राहिली. पुढे वायुदलाचे दुरुस्ती केंद्रही आले. गावाचे नाव लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' असे झाले, आणि बसच्या पाट्यांनीही ते स्वीकारले.

त्या मिग-२१ विमानाला भारतीय वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी समारंभपूर्वक निरोप दिला. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या जोडणी-मार्गावर तयार झालेले तेजस मार्क-१ए हे पहिले विमान आकाशात गेले. एका विमानाचे सारे आयुष्य सरले, दुसऱ्याचे सुरू झाले. ओझरच्या माणसाची नाशिकरोडची फेरी मात्र होती तशीच राहिली. २०१४ साली तेथे प्रवासी विमानतळाची इमारत उभी राहिली, याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि ओझरचा रहिवासी आपल्या गावाहून विमानाने दिल्लीस जाऊ शकतो आणि निफाडला, स्वतःच्या तालुक्याच्या ठिकाणी, आगगाडीने जावयाचे मनात आणू शकत नाही, या स्थितीला प्रगती म्हणावे किंवा काय, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो.

विमानाच्या तिकिटाचा विचार करणारे थोडे, आणि रोज पोटासाठी घराबाहेर पडणारे पुष्कळ. मोठ्या कारखान्यातील कायम कामगाराची वाहनाची व्यवस्था बहुधा कशी तरी लागते. कंत्राटी कामगार, द्राक्षबागांतून व पिंपळगावच्या बाजारात राबणारी माणसे, नाशिकच्या वा निफाडच्या कॉलेजात जाणारी मुले-मुली, इस्पितळाचे हेलपाटे घालणारे म्हातारे यांची लागत नाही. त्यांना एस. टी. आहे, सिटीलिंकची बस आहे, नाही तर वडापची जीप आणि दुचाकी. महामार्ग कितीही रुंद केला तरी पावसाळ्यातल्या रात्री अवजड मालमोटारींच्या रांगेतून दुचाकीवरून घरी येणारा मुलगा घरी पोचेपर्यंत त्याच्या आईच्या जिवाला घोर असतो. ज्या घरात असे कोणी दुचाकीवरून जात-येत असते, त्या घराला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

आता रेल्वेकडे आज काय आहे ते पाहू. २२ मे २०२५ रोजी अमृत भारत योजनेतील एकशेतीन स्टेशनांचे उद्घाटन झाले, त्यांत आमच्या जिल्ह्यातील देवळाली आणि लासलगाव ही दोन होती. या दोन्ही स्टेशनांचे रूप पालटले याचा आनंदच आहे. लासलगाव ही तर कांद्याची राजधानी. परंतु या दोहोंच्या मधल्या ज्या पट्ट्यात नाशिकची नवी वस्ती, ओझर आणि पिंपळगाव येतात, तेथील लहान स्टेशनांकडे लक्ष गेले ते सिंहस्थ आला म्हणून. मालाच्या बाबतीत रेल्वेला हा पट्टा पुरता ठाऊक आहे. देशातील पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहूनच दानापूरला निघाली होती. ती पुढे बंद झाली हा भाग वेगळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून सोळाशे टन कांदा घेऊन एक अखंड गाडी दिल्लीस गेली. कांद्यासाठी अखंड गाडी सोडता येते, तर तो पिकविणाऱ्यासाठी दोन मिनिटांचा थांबा अवघड का व्हावा?

माणसांच्या वाट्याला या काळात काय आले ते पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या आधी आल्या, लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मागाहून आल्या, आणि कित्येक थांबे परतलेच नाहीत. साध्या गाडीला एक्स्प्रेसचे भाडे आकारण्याचा प्रकार तर फेब्रुवारी २०२४ पर्यंत चालला. त्यापूर्वीच, जानेवारी २०२० मध्ये, मनमाडहून सुटणारी राज्यराणी एक्स्प्रेस नांदेडपर्यंत लांबविण्यात आली. मराठवाड्याला गाडी मिळाली याबद्दल आमचा आकस नाही. मराठवाड्याची रेल्वेबाबत झालेली उपेक्षा आमच्याहून मोठी आहे. पण नाशिकच्या नित्य प्रवाशाचा आधार म्हणून उरली ती १९७५ सालापासून धावणारी पंचवटी. या गाडीच्या मासिक पासधारकांनी आपला एक डबा स्वच्छतेचा व शिस्तीचा नमुना करून दाखविला, हे देशाने पाहिले आहे. सोय दिली तर ती नीट वापरणारे उतारू येथे आहेत, याला दुसरा पुरावा कशाला हवा?

येथे एक अडचण कारभाराच्या रचनेची आहे. नाशिकचा नित्य प्रवासी मुंबईकडे तोंड करून उभा असतो. त्याचे स्टेशन मात्र भुसावळ विभागात मोडते. इगतपुरीच्या खाली घाट उतरला की मुंबई विभाग सुरू होतो. मुंबई विभागाला उपनगरी वाहतुकीचे ज्ञान आहे, पण त्याची हद्द घाटात संपते. भुसावळ विभागाचे सारे मन लांब पल्ल्याच्या व मालाच्या वाहतुकीत गुंतलेले. 'उपनगरी स्टेशन' हा शब्दच त्या विभागाच्या कारभारात परका आहे. उपनगरी वाहतूक म्हणजे मुंबईची लोकल, असा समज आमच्या लोकप्रतिनिधींतही रूढ असल्यामुळे कसाऱ्याची लोकल नाशिकपर्यंत आणा, ही मागणी दर निवडणुकीत नव्याने होते. घाटाचा तो चढ आणि उतरताना लागणारी ब्रेकची ताकद पाहता ते काम सोपे नाही. ते कधी तरी व्हावे; पण ते होईपर्यंत घाटाच्या या बाजूला, इगतपुरीपासून मनमाडपर्यंत, नाशिकला स्वतःची उपनगरी वाहतूक असू शकते ही कल्पनाच पुढे येत नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकला मेट्रो निओ मिळाल्याची घोषणा झाली, ढोलताशे वाजले, आणि आज त्या मेट्रोचा एक खांबही दिसत नाही. पुण्याच्या वेगवान रेल्वेची आखणी खोडदच्या महादुर्बिणीपाशी अडखळली. मोठ्या स्वप्नांना आमचा विरोध नाही. मात्र असलेल्या रुळांवर असलेली गाडी दोन मिनिटे थांबविण्यास महादुर्बीण आडवी येत नाही.

रेल्वेचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. हा मार्ग गर्दीचा आहे. उत्तरेकडे व पूर्वेकडे जाणाऱ्या मेल गाड्या आणि मालगाड्या यांनी तो भरलेला आहे. लहान स्टेशनावर थांबलेली एक गाडी मागच्या चार गाड्यांना अडविते. हे उत्तर खोटे नाही, आणि म्हणूनच मेल गाड्या खेरवाडीला थांबवा असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी मेमूसारख्या गाडीची आहे: सकाळी कारखाने व कॉलेजे भरण्याच्या सुमारास मनमाडहून देवळालीकडे आणि संध्याकाळी ती सुटल्यावर उलट दिशेने, सर्व स्टेशनांवर थांबणारी. अशी गाडी मागच्या गाड्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून तिला बाजूला घेण्यास जादा रूळ हवा आणि त्या रुळाला फलाट हवा. सिंहस्थाच्या खास गाड्या उभ्या करण्यासाठीही नेमके हेच हवे असते. तेव्हा यात्रेसाठी या स्टेशनांवर जे रूळ व जे फलाट होतील, ते तात्पुरत्या सोयीच्या हिशेबाने न बांधता रोजच्या गाडीच्या हिशेबाने बांधले, तर त्याच पैशात दोन्ही कामे साधतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-जळगाव चौथ्या मार्गास मंजुरी दिली आहे. पलीकडे रूळ वाढत असताना अलीकडचा तुकडा अरुंद ठेवून कोणाचा फायदा होणार?

सोयींविषयी बोलताना 'सोय' हा शब्दच जरा तपासून घेतला पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर तेवीस माणसे चेंगरून मेली. तोवर रेल्वेच्या लेखी पादचारी पूल हा उतारूंच्या सोयींत गणला जात होता, म्हणजे पैसे उरले तर बांधावयाची वस्तू. त्या घटनेनंतर तो आवश्यक बाबींत गणला जाऊ लागला. तेवीस जीव गेल्यावर एक पूल या यादीतून त्या यादीत गेला. १० फेब्रुवारी २०१३ रोजी कुंभाच्या यात्रेत अलाहाबाद स्टेशनवर, आणि १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच तीर्थाकडे निघालेल्यांची नवी दिल्ली स्टेशनवर जी चेंगराचेंगरी झाली, ती आमच्या सिंहस्थाच्या योजकांच्या डोळ्यांपुढे असेलच. २००३ च्या सिंहस्थात नाशिकनेही हे दुःख भोगले आहे. ओढा वा खेरवाडी येथे एका वेळी एक अख्खी गाडी रिकामी होणार असेल, तर तेथे पूल किती रुंद आहे, पुलाला किती जिने आहेत, फलाट गाडीच्या पायरीला भिडेल इतका उंच आहे की म्हातारीला उडी मारावी लागेल, आणि स्टेशनाबाहेर गर्दी उभी राहण्यास मोकळी जागा आहे की थेट अरुंद गावरस्ता, या गोष्टी रंगरंगोटीच्या आधी येतात. दर्शनी कमान मागाहून करता येईल. पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह मात्र पहिल्या दिवसापासून हवे. याचीही आठवण करून द्यावी लागावी, याचा आम्हांस खेद वाटतो.

स्टेशन सुधारले, गाडी थांबली, आणि ओझरहून तेथे जाण्यास बस नसली, तर सारे व्यर्थ आहे. घोड्यांच्या ट्रामचा दाखला आम्ही वर दिला तो यासाठी. गाडीच्या वेळेशी जुळणारी, गाडीला उशीर झाला तर थांबणारी बस ओझर ते कसबे सुकेणे आणि ओझर ते खेरवाडी अशी चालविणे राज्य परिवहन मंडळाच्या वा सिटीलिंकच्या आवाक्याबाहेरचे नाही. रेल्वे म्हणणार, बस नाही म्हणून उतारू नाहीत. बसवाले म्हणणार, गाडी थांबत नाही म्हणून बस नाही. ही टोलवाटोलवी मोडण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने सर्व खाती त्यांच्यापुढे एका टेबलाभोवती बसत आहेत. अशी संधी बारा वर्षांनी एकदा येते.

ओझरच्या नागरिकांनीही काही करावयास हवे. हे गाव नुसते मागणाऱ्यांचे नाही. वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था काढून, पाणी मोजून घेऊन त्याची पट्टी स्वतः भरण्याचा जो प्रयोग येथील शेतकऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात केला, तो पाहण्यास लांबलांबचे लोक आले. पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना उतारूंचा हिशेब ठेवणे जड जाऊ नये. रोज किती माणसे कोणत्या वेळी नाशिकरोडला, निफाडला, लासलगावला, मनमाडला जातात, त्यांतील किती जण गाडी मिळाल्यास पास काढतील, याची वसाहतीत, शाळा-कॉलेजांत आणि बाजारात घरोघर फिरून केलेली नोंद शंभर निवेदनांहून अधिक वजनदार ठरेल. ओझरच्या नगरपरिषदेने अशी नोंद करवून तिच्यासह ठराव भुसावळच्या विभागीय व्यवस्थापकांकडे पावसाळ्यापूर्वी धाडावा, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. आमच्याकडेही एक प्रत आली, तर तिच्यातील आकडे आम्ही याच पानावर छापू, आणि रेल्वेचे जे उत्तर येईल तेही त्याच्या शेजारी छापू.